पाण्याचा सामू आणि कुंडीतली झाडं : आकडा बघून घाबरायचं का?

कुंडीवाली (धागाकर्ती)

अनंताची नवी पानं पिवळी पडताहेत. जुनी पानं गडद हिरवी, तुकतुकीत. शेंड्याकडची मात्र फिकट पिवळी, आणि त्या पिवळ्यात शिरांचं हिरवं जाळं अगदी उठून दिसतंय. खत वेळेवर, ऊन सकाळचं, कुंडीला भोकं आहेत, भिंग घेऊन बघितलं तरी कीड सापडली नाही. शेवटी पीएचच्या, म्हणजे सामूच्या, पट्ट्या आणून नळाचं पाणी तपासलं तर ८ च्या आसपास. जिथे वाचावं तिथे एकच लिहिलंय, झाडांना ६ ते ६.५ सामूचं पाणी लागतं. मग आता रोज बादलीत लिंबू पिळायचं का? की आरओचं घालायचं? आणि शेजारच्या कुंड्यांमधली रोझमेरी आणि कोरफड हेच पाणी पिऊन मजेत आहेत, ते कसं काय? जाणकारांनी सांगावं.

निवडुंग

सेम पिंच. माझ्याकडे एक्झोराचं असंच झालंय. वाचतोय.

बागुलबुवा

सामूबिमू काही बघू नका. चमचाभर हिराकस (लोहाचं खत) टाका मातीत, पंधरवड्यात हिरवं होतं झाड. एवढी वर्षं बागा फुलल्या त्या काय पट्ट्या बुडवून फुलल्या?

मातीमोल

कुंडीवाली, वर्णन इतकं नेमकं आहे की फोटो नसला तरी चालेल. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, जुनी पानं ठीक, ही लोहाच्या कमतरतेची खूण. शेतकरी याला केवडा म्हणतात. लोह एकदा एका पानात गेलं की तिथून सहजी हलत नाही, म्हणून तुटवडा पडला की पहिला फटका नव्या पानांना. मॅग्नेशियमचं उलट. ते कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना पुरवतं, त्यामुळे शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा हे चित्र खालच्या पानांवर दिसतं. नत्र कमी असेल तर खालची पानं शिरांसकट सरसकट पिवळी होतात. पिवळं पान दिसलं रे दिसलं की एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) ओतणाऱ्यांनी आधी ते पान झाडावर कुठे आहे ते बघावं.

आता, लोहाची कमतरता म्हणजे मातीत लोह नाही असं नव्हे. मातीत लोह भरपूर असतं. ते विरघळलेलं नसतं, आणि मुळांना विरघळलेलंच घेता येतं. सामू एका अंकाने वर गेला की पाण्यातल्या फेरिक (म्हणजे लोहाच्या) आयनांचं प्रमाण जवळपास हजारपटीने घटतं. साडेसातच्या पुढे गेलेल्या मातीत लोह असतं ते गंजाच्या रूपात, मुळांच्या अगदी शेजारी पडलेलं आणि तरी हाती न लागणारं. मँगनीज, जस्त, तांबं यांचीही तीच गत, फक्त थोडी कमी तीव्र. स्फुरदाला (फॉस्फरसला) दोन्हीकडून त्रास: सामू चढला की कॅल्शियम त्याला धरून ठेवतं, साडेपाचच्या खाली गेला की लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात. मॉलिब्डेनम तेवढं एकटं उलट्या स्वभावाचं, सामू वाढला की जास्त मिळतं. आणि पाचच्या खाली फार उतरलात तर ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं जाळतं. म्हणून जमिनीतल्या मातीला ६ ते ७ आणि कोकोपीट, पीट वगैरेंच्या हलक्या मिश्रणाला साडेपाच ते साडेसहा हा पट्टा सांगतात.

पण लक्षात घ्या, हे सगळे आकडे मुळांभोवतीच्या ओलाव्याचे आहेत, नळाच्या पाण्याचे नाहीत. नळाचं पाणी ८ आहे म्हणून कुंडी ८ होते असं नाही. तुमच्या पट्टीने योग्य प्रश्न विचारलेलाच नाही.

कुंडीवाली

म्हणजे पाण्याचा काही दोषच नाही? मग कोणाचा?

मातीमोल

दोष पाण्याचाच असू शकतो, पण सामूचा नाही. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचा. त्याला अल्कलिनिटी म्हणतात, आणि पाण्याच्या अहवालात ती कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात, मिलिग्रॅम दर लिटर अशी लिहिलेली असते.

सामू म्हणजे या क्षणी पाण्यात हायड्रोजन आयन किती आहेत तो आकडा; आयन जास्त, म्हणजे आम्ल जास्त, तितका आकडा कमी. अल्कलिनिटी म्हणजे ते पाणी किती आम्ल पचवू शकतं ती कुवत. दोन बादल्या घ्या. दोन्हींचा सामू ८. एकीत अल्कलिनिटी २०, दुसरीत ३००. पट्टी दोन्हीकडे एकच रंग दाखवणार. पहिलं पाणी कुंडीत गेल्यावर मातीच्या सामूपुढे लगेच शरण जातं. दुसरं जाताना दर वेळी थोडा चुना मागे ठेवून जातं.

किती, त्याचा हिशोब करू. पाच लिटरची कुंडी, रोज अर्धा लिटर पाणी, अल्कलिनिटी २५०. म्हणजे रोज १२५ मिलिग्रॅम चुनखडी. वर्षाचे झाले ४५ ग्रॅम. पाच लिटर मिश्रणात मूठभर चुना हळूहळू कालवण्यातला हा प्रकार. निचऱ्यातून काही वाहून जातं, खतांमुळे आणि मुळांमुळे काही मरतं, पण उरतं ते कमी नसतं. कुंडीच्या काठावर आणि खालच्या ताटलीत पांढरं कवच धरलंय का ते बघा. असेल तर उत्तर अर्धं मिळालंच.

रानजाई

माझ्या सगळ्या कुंड्यांना आहे ते पांढरं कवच! मला वाटायचं बुरशी.

मातीमोल

बुरशी असेल तर कापसासारखी मऊ असते आणि बोटाने पुसली जाते. हे कवच खरवडावं लागतं. खरवडलेल्या पुडीवर व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसलं तर कार्बोनेट. नाही फसफसलं तर खतांचे क्षार असतील.

बागुलबुवा

अहो पण जमिनीत हेच पाणी घालतात लोक, तिथे नाही होत काही. माझा गुलाब जमिनीत आहे, बोअरच्या पाण्यावर. एक पान पिवळं नाही.

मातीमोल

बरोबर आहे तुमचं. जमिनीतल्या गुलाबाच्या मुळांना माती अमाप असते आणि पाऊस अधूनमधून ती धुऊन काढतो. त्या मातीतली चिकणमाती आणि सेंद्रिय भाग सामूचे धक्के झेलतात. कुंडीत माती ओंजळभर, त्यातही कोकोपीट जास्त, आणि महिनाभरात त्या कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी तिच्यातून जातं. म्हणून एकाच पाण्यावर बाग ठीक आणि गॅलरी आजारी असं घडतं. जमीन मुळातच चुनखडीची असेल तर मात्र तिथेही केवडा पडतोच.

रोझमेरी आणि कोरफडीचंही सांगून टाकतो. प्रत्येक झाडाची लोह मिळवायची हिकमत वेगळी. बरीचशी झाडं उपाशी राहिली की मुळांतून आम्ल सोडतात, आजूबाजूचं लोह विरघळवून घेतात. गवतवर्गीय वनस्पती लोहाला पकडून आणणारी खास द्रव्यं सोडतात. रोझमेरी, लॅव्हेंडर ही मुळात चुनखडीच्या उतारांवर वाढणारी, त्यांना साडेसात सामूचं काही वाटत नाही. अनंत, एक्झोरा, अझेलिया, कॅमेलिया, ब्लूबेरी ही आम्लधर्मी मातीतली मंडळी. त्यांना लोह नेहमीच आयतं मिळत आलंय, त्यामुळे ते ओढून घ्यायची ताकदच बेताची. पाणी बिघडलं की ओरड आधी हीच करतात.

निवडुंग

हे अल्कलिनिटी प्रकरण घरी मोजता येतं का? की प्रयोगशाळेतच द्यावं लागतं?

मातीमोल

मत्स्यटाकीवाल्यांकडे केएच नावाचं थेंब मोजायचं किट मिळतं, ते हेच मोजतं. त्यातला एक अंश म्हणजे साधारण १८ मिलिग्रॅम. ते नसेल तर घरचा उपाय आहे, अचूक नाही पण अंदाज येतो.

काचेच्या पेल्यात मोजून २०० मिलिलिटर पाणी घ्या. पांढरं, ५ टक्के आम्लतेचं व्हिनेगर ड्रॉपरने थेंबाथेंबाने टाका. दर दोन-तीन थेंबांनी चांगलं ढवळा, अर्धा मिनिट थांबा, पट्टी बुडवा. सामू साडेपाचच्या आसपास आला की थांबा. साधारण ड्रॉपरचा एक थेंब म्हणजे १० मिलिग्रॅम अल्कलिनिटी धरा. वीस थेंब लागले तर २००.

हे करताना एक गंमत दिसते. शेजारी दुसऱ्या पेल्यात आरओचं पाणी घेऊन तेच करा. तिथे पहिल्या एक-दोन थेंबांतच पट्टीचा रंग थेट पिवळा-केशरी. नळाच्या पेल्यात मात्र थेंबामागून थेंब जातात, पट्टी ढिम्म, हिरवीच. पेल्याच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे धरायला लागतात, तो बायकार्बोनेटमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. मग शेवटच्या काही थेंबांत रंग भराभर उतरतो. एकदा हे बघितलं की दोन आकड्यांमधला फरक परत कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

१०० च्या आत असेल तर विसरून जा. १५० च्या वर लहान कुंड्यांतल्या आम्लप्रिय झाडांना जाणवू लागतं. २५०-३०० असेल तर बहुतेक कुंड्यांत आज ना उद्या दिसणार.

कुंडीवाली

केलं आत्ताच. पंचवीस-सव्वीस थेंब. आणि हो, बुडबुडे आले. काठावर पांढरं कवच पण आहे. म्हणजे चोर सापडला?

मातीमोल

संशयित सापडला. चोर म्हणायच्या आधी कुंडीतलं निचऱ्याचं पाणी तपासा. नेहमीसारखं पाणी घाला, तासभर थांबा. मग ताटली रिकामी करून वरून थोडं डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी हळूहळू ओता आणि खालून निघालेलं पहिलं अर्धी वाटी पाणी गोळा करा. त्यात पट्टी बुडवा. हा सामू मुळांच्या आसपासचा. तो साडेसातच्या वर आला तर खटला पक्का. साडेसहाच्या आत आला तर पाण्याला सोडून द्या आणि मुळं बघा. सतत चिखल राहणाऱ्या कुंडीत मुळं गुदमरतात, थंडीत मुळं सुस्तावतात, आणि दोन्ही वेळा माती चांगली असूनसुद्धा नवी पानं अशीच पिवळी पडतात. हाडांचा चुरा किंवा सुपर फॉस्फेट हौसेने जास्त पडलं असेल तरी लोह अडतं. पाणी कमी करून जे बरं होणार आहे त्याला लिंबू पिळून काही होत नाही.

रानजाई

लिंबावरून आठवलं. मी व्हिनेगर घालते पाण्यात, आठवड्यातून एकदा. चमचाभर बादलीला. फरक काही पडलेला नाही :)

मातीमोल

चमचाभर बादलीला म्हणजे देवाला नैवेद्य दाखवल्यासारखं झालं :) हिशोबाने बघा. अल्कलिनिटी १०० ने उतरवायला १० लिटर पाण्याला साधारण २५ मिलिलिटर व्हिनेगर लागतं. सायट्रिक आम्लाची पूड असेल तर दीड ते पावणेदोन ग्रॅम. लिंबू म्हणाल तर एक मोठं रसरशीत, पण रसातल्या गरामुळे आणि साखरेमुळे कुंडीत चिलटं येतात, त्यापेक्षा पूड बरी.

पण यातली खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. व्हिनेगर आणि सायट्रिक ही सेंद्रिय आम्लं. बादलीत ती बायकार्बोनेट मारतात हे खरं. पण कुंडीत गेल्यावर मातीतले जीवाणू ॲसिटेट आणि सायट्रेट खाऊन टाकतात, आणि खाता खाता बराचसा बायकार्बोनेट परत तयार करून ठेवतात. म्हणजे सामू काही काळ उतरतो आणि पुन्हा चढतो. सायट्रेट लोहाला थोडं विरघळवून धरतं, तेवढा तात्पुरता फायदा. तातडीला वापरा, कायमचा उपाय समजू नका.

मोठ्या रोपवाटिका म्हणूनच सल्फ्युरिक, फॉस्फोरिक किंवा नायट्रिक वापरतात. ती आम्लं जीवाणू खाऊन परत उलटवत नाहीत. घरात, त्यातही लहान मुलं असताना, ती बाटली आणायची मी कोणालाच शिफारस करणार नाही.

बागुलबुवा

मग करायचं काय? नुसतं हे नको, ते नको. म्हणून म्हटलं हिराकस.

मातीमोल

हिराकसाबद्दल वाद नाही, वाद आहे तो कुठे टाकायचा याचा. ताजा हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, फिकट हिरवे खडे. डबा उघडा राहिला की तेच खडे वरून तपकिरी पडतात, म्हणजे हवा लागून फेरसचं फेरिक झालं. चढ्या सामूच्या मातीत हेच रूपांतर फार लवकर होतं आणि तुमचा चमचा गंज होऊन बसतो. गुलाबाला लागू पडत असेल तर तुमच्या मातीचा सामू बरा असणार.

पानांवर फवारलं तर मातीची भानगडच टळते. लिटरला २ ग्रॅम हिराकस, चिमूटभर सायट्रिक आम्ल, ऊन उतरल्यावर, आणि आधी एकाच फांदीवर करून बघा. फरशीवर पडलं तर डाग जात नाहीत, झाड बाजूला नेऊन फवारा.

मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूच्या पकडीत धरून विरघळलेलं ठेवलेलं. ही पकड कशाची आहे ते पुड्यावर लिहिलेलं असतं. पण इथेही पुडा वाचा. ईडीटीए म्हटलेलं साडेसहापर्यंतच तग धरतं. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत. ईडीडीएचए नऊपर्यंतही टिकतं, पाण्यात टाकलं की गडद लालसर रंग येतो. आठ सामूच्या कुंडीत ईडीटीए टाकून लोह लागू पडत नाही म्हणणं अन्यायाचं आहे.

पिवळी झालेली जुनी पानं परत हिरवी होतील न होतील, तिकडे बघत बसू नका. औषध लागू पडलंय का ते पुढची येणारी पानं सांगतात.

आणि हे सगळं ताप उतरवण्याचं झालं. मूळ उपाय म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेट कमी करणं. त्याला सगळ्यात सोपी वाट: पावसाचं किंवा आरओचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळणं.

निवडुंग

पण आरओच्या पाण्यात काहीच नसतं ना? झाडं अशक्त नाही होणार? आणि माझ्या पट्टीवर ते ६ दाखवतं, म्हणजे आम्लधर्मी.

मातीमोल

६ दाखवू दे. त्या पाण्यात धरून ठेवणारं काही नसतं, म्हणून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेही सामू उतरतो. अगदी शुद्ध पाणी हवेत उघडं ठेवलं तरी ५.६ पर्यंत येतं. निखळ पावसाचाही तेवढाच. हे आम्ल इतकं नगण्य की मातीला जाणवतही नाही. शिवाय असल्या पाण्यात पट्ट्या आणि मीटर दोन्ही भरकटतात, तो आकडा मनावर घेऊ नका.

काहीच नसतं हे मात्र खरं. जड पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फुकट देत असतं. पूर्ण आरओवर गेलात तर ते खतातून द्यावं लागतं. म्हणून अर्धं-अर्धं. २५० ची अल्कलिनिटी १२५ वर येते आणि कॅल्शियमही उरतं. गंमत म्हणजे असं मिश्रण करून पट्टी बुडवलीत तर सामू जेमतेम ०.३ ने उतरलेला असेल, म्हणजे पट्टीवर दिसणारही नाही. झाडासाठी निम्मं ओझं उतरलेलं असतं. पट्टीवर विसंबणाऱ्याला वाटतं काहीच झालं नाही.

एक इशारा. आरओ मशीन जे पाणी टाकून देतं ते झाडांना घालायची पद्धत बरीच बोकाळली आहे. पाणी वाचवायची भावना चांगली, पण गाळून राहिलेला सगळा बायकार्बोनेट आणि क्षार त्यातच असतात. मशीन जितकं कमी पाणी फेकतं तितकं ते दाट. जितकं गाळतं तितकंच फेकत असेल तर जवळजवळ दुप्पट. नळाचंच पाणी जड असेल तिथे ते फरशी पुसायला वापरा.

रानजाई

अरे देवा. मी दोन वर्षं तेच घालतेय. आणि वॉटर सॉफ्टनरचं? आमच्या इमारतीत तो बसवलाय.

मातीमोल

ते तर नकोच. साधा सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो. बायकार्बोनेट आहे तसाच राहतो. म्हणजे त्रास कायम, वर मिठाचा भाग. सॉफ्टनरच्या आधीचा एखादा नळ असेल तर तिथून घ्या.

कुंडीवाली

उकळून, गार करून घातलं तर?

मातीमोल

थोड्या झाडांना चालेल. उकळल्यावर भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो तो बायकार्बोनेटचा चुना झालेला असतो, तेवढी अल्कलिनिटी खाली येते. गार झाल्यावर वरचं पाणी अलगद ओतून घ्या, तळ ढवळू नका. लगेच पट्टी बुडवलीत तर सामू उलट वाढलेला दिसेल, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो. बोअरचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की सामू चढतो तोही याचमुळे. झाडाचं त्यात काही बिघडत नाही.

बागुलबुवा

वापरलेली कॉफीची पूड कोणी सांगितली नाही अजून. आमच्याकडे सगळे सांगतात, माती आम्ल होते म्हणे.

मातीमोल

आम्ल कपात जातं, चोथ्यात फारसं उरत नाही. वापरलेली पूड जवळपास उदासीन असते. कंपोस्टात घाला. राख आणि अंड्याची टरफलं मात्र या धाग्यातल्या कुंड्यांच्या जवळपासही आणू नका, ती चुन्याच्याच बाजूची. राख लगेच चढवते, टरफलं सावकाश.

गंधकाबद्दल कोणी विचारायच्या आत: चालतं, पण ते काम जीवाणूंकडून करून घेतं. त्यांना ऊब, ओल आणि काही आठवडे ते महिने द्यावे लागतात. कोकोपीटमध्ये ते जीवाणू कमीच. आणि रोज वरून बायकार्बोनेट ओतत असाल तर गंधक आणि पाणी यांची नुसती कुस्ती चालते.

त्यापेक्षा खत बदला. झाड अमोनियमच्या रूपातलं नत्र घेतं तेव्हा मुळांतून हायड्रोजन आयन बाहेर सोडतं, सामू उतरतो. नायट्रेट घेतं तेव्हा उलट. जड पाण्यावर नुसतं कॅल्शियम नायट्रेट देणाऱ्यांच्या कुंड्या दोन्हीकडून चढतात. अनंतासारख्या झाडाला अमोनियम सल्फेट अगदी थोडं, लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून दोनदा. हात सैल सोडू नका, जास्त अमोनियम मुळं भाजतं, त्यातही थंडीत.

निवडुंग

एक उगाच शंका. ७ आणि ८ मध्ये नक्की फरक किती? एकच तर अंक.

मातीमोल

दहापट. ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे. १९०९ साली सोरेन्सन नावाच्या डॅनिश रसायनतज्ज्ञाने ती काढली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. आयनांच्या प्रमाणाचे दशांशातले लांबलचक आकडे लिहिण्यापेक्षा हे सुटसुटीत.

बागुलबुवा

कार्ल्सबर्ग म्हणजे तीच का, बिअरवाली? मग आता पटलं सगळं.

रानजाई

हायड्रेंजियाची फुलं निळी करायची असतील तर पण हेच ना? माझी गुलाबी येतात, मला निळी हवीत.

मातीमोल

तिथे सामू मध्यस्थ, खरं काम ॲल्युमिनियमचं. मातीचा सामू पाच-साडेपाचच्या आसपास असला की ॲल्युमिनियम विरघळतं, झाड ते फुलापर्यंत नेतं आणि तिथल्या रंगद्रव्याशी जोडी जमून निळा दिसतो. साडेसहाच्या वर ॲल्युमिनियम अडकतं, फूल गुलाबी. मधल्या सामूला जांभळट. कोकोपीटमध्ये ॲल्युमिनियम जवळपास नसतंच, त्यामुळे नुसता सामू उतरवून निळा येईलच असं नाही. तुरटी किंवा ॲल्युमिनियम सल्फेट थोडं थोडं द्यावं लागतं, कळ्या धरायच्या बरंच आधीपासून. पांढऱ्या जातीवर हा खेळ चालत नाही.

कुंडीवाली

निचऱ्याचं पाणी तपासलं. ७.५ आणि ८ च्या मधला रंग. खटला पक्का.

ठरवलंय ते असं: अर्धं आरओ, अर्धं नळ. ईडीडीएचए मागवलंय. कवच धरलेला वरचा दोन बोटं थर काढून नवीन मिश्रण घालते. कुंडी बदलू का पूर्ण?

मातीमोल

झाड आधीच अशक्त आहे, मुळं आत्ता हलवू नका. वरचा थर काढलात ते चांगलं, तिथेच सगळ्यात जास्त साचतं. नवं पाणी सुरू करताना एकदा कुंडीच्या दुप्पट मापाचं पाणी सावकाश ओतून आतले क्षार धुऊन काढा, शेवटचा भाग आरओचा ठेवा. ताटलीत जमलेलं पाणी फेकून द्या, परत वर घालू नका. कुंडी बदलायचीच झाली तर नव्या फुटव्यांचा रंग सुधारल्यावर.

रोझमेरी आणि कोरफडीला नळाचंच घाला. आरओ वाया घालवायचं कारण नाही.

जलपर्णी

उशिरा आले धाग्यावर. माती नाही माझ्याकडे, नुसत्या पाण्यावर लेट्यूस लावते. मीटरने बघून ५.८ ला आणते, दोन-तीन दिवसांत ६.८. परत आम्ल, परत चढ. इथे तर माती मध्ये नाही, मग इथे पाण्याचा सामू हाच खरा ना?

मातीमोल

तुमच्याकडे होय. मुळं थेट त्याच पाण्यात, म्हणून साडेपाच ते साडेसहा हा पट्टा तुमच्या टाकीला जसाच्या तसा लागू. पण सारखं चढण्याची कारणं तीच जुनी. पहिलं, टाकी नळाच्या पाण्याने भरत असाल तर बायकार्बोनेट; आज मारलात तो उद्या वरून घातलेल्या पाण्यातून परत येतो. दुसरं, पाण्यावरच्या खतांत नत्र बहुतांशी नायट्रेटच असतं, झाड जोमात असलं की सामू चढणारच, ते झाड खातंय याची खूण आहे. तिसरं, टाकीत उजेड शिरतोय का? आतून हिरवी बुळबुळ असेल तर शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढून सामू वर नेतं. सकाळी आणि दुपारी मोजा. दुपारचा स्पष्ट जास्त असेल तर टाकी काळ्या कागदाने झाका.

६.३-६.४ पर्यंत चढू द्या, लगेच बाटली घेऊन धावू नका. सारखं ठोकून ५.८ वर आणण्याने झाडाला काही मिळत नाही, आम्ल फॉस्फोरिक असेल तर टाकीत नुसतं फॉस्फेट साठत जातं. आम्ल टाकताना आधी ते वेगळ्या भांड्यातल्या पाण्यात मिसळा, पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नव्हे, आणि मग टाकीत.

मीटरची काच कशात ठेवता?

जलपर्णी

डिस्टिल्ड पाण्यात. स्वच्छ राहावी म्हणून.

मातीमोल

तिथेच ती खराब होते. डिस्टिल्ड पाणी काचेच्या टोकातले आयन ओढून घेतं, मग आकडा स्थिरावायला मिनिटं लागतात आणि शेवटी वाट्टेल तो येतो. पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण मिळतं, टोपणात त्याचे काही थेंब ठेवा. तेही नसेल तर ४ चं बफर (ठरावीक सामूचं तयार द्रावण) चालेल. कोरडी तर अजिबात ठेवू नका. आणि ७ व ४ च्या बफरने दर एक-दोन आठवड्यांनी जुळवून घ्या. बफर छोट्या वाटीत ओतून घ्यायचं, वापरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही. आधी हे करा, मग सांगा ६.८ खरंच ६.८ आहे का.

जलपर्णी

बफर संपलंय. मागवते आणि परत येते.